घर घेताना, गहाण ठेवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाला वकीलबाईने बोलावे, आणि तेही खरेदीखत व गहाणखत या विषयावर, ही कल्पना आपल्या चिटणीसबाईंची. हळदीकुंकवाच्या ताटाशेजारी सातबारा! पण शंकांसाठी ठेवलेला डबा चिठ्ठ्यांनी भरून आला, यावरून विषयाची निकड दिसतेच. सगळ्यांना आज उत्तरे देता येणार नाहीत. ज्यांत हातची मिळकत जाण्याची भीती आहे, त्या चिठ्ठ्या आधी घेते.

एका भगिनीने लिहिले आहे : "मुलाच्या शिक्षणासाठी पैसे हवेत. देणारे म्हणतात, गहाणखत नको, सरळ खरेदीखत करून द्या. पैसे फेडलेत की जमीन परत तुमच्या नावे करून देऊ. माणूस ओळखीचा आहे. करावे का?"

बाई, मुळीच करू नये. गहाणखतात मालकी तुमचीच राहते. पैसे देऊन मिळकत सोडवून घेण्याचा तुमचा हक्क १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने राखलेला आहे. "मुदतीत रक्कम न दिल्यास जमीन माझी" असे गहाणखतात लिहिले, तरी तेवढ्याने जमीन जात नाही. सावकाराला कोर्टात यावेच लागते. खरेदीखताचे तसे नाही. तेथे "लिहून देणार" म्हणून सही केली की मालकी गेली. परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर कायदा त्याला गहाण म्हणत नाही. वेगळ्या कागदावर लिहिलेली अट, किंवा चहाच्या कपाबरोबर दिलेला शब्द, यांचा आधार फार लंगडा.

पारनेरकडची एक विधवा बाई माझ्याकडे आली होती. नवऱ्याच्या आजारपणात तिने दीड एकराचे असेच खरेदीखत करून दिले होते. चार वर्षे तिने व्याज भरले, रोख, पावतीवाचून. फेरफाराची नोटीस आली तेव्हा "ही नुसती रीत असते" असे तिला सांगण्यात आले. पाचव्या वर्षी शेतात दुसऱ्याचा ट्रॅक्टर उभा राहिला. मात्र या बाईने एक शहाणपण केले होते : दिलेली प्रत्येक रक्कम तारखेसह मुलाच्या वहीत टिपून ठेवली होती. शेत ती स्वतःच कसत होती, आणि बांधाशेजारच्यांनी तसे जबाब दिले. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली तिने सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला. सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन, पंधरा वर्षांच्या आतली असेल तर, चौकशी करून परत देवविण्याचा अधिकार त्यांना आहे. जमीन परत मिळाली, पण सहा वर्षे गेली, आणि तिचे केस पांढरे झाले ते झालेच. हेही सांगते, की समोरचा मनुष्य सावकारीचा धंदा करतो हे दाखवावे लागते. नात्यातल्या कोणी एकदाच उसने दिले असतील, तर हा कायदा उपयोगी पडत नाही.

या प्रकाराला आपल्याकडे मुदत खरेदी म्हणतात, आणि नगर जिल्ह्याला तो नवा नाही. १८७५ साली, १२ मे रोजी, सुप्याला दंगा झाला. सुपे म्हणजे आपल्या पारनेर तालुक्यातले नव्हे, पुणे जिल्ह्यातले. तेथून ते लोण श्रीगोंदा, पारनेर, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरले. लोक सावकाराच्या घरी जात आणि आपले कर्जरोखे मागून घेऊन जाळीत. माणसांना इजा फारशी झाली नाही. राग कागदावर होता. त्या कागदात काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला कधी वाचून दाखविलेलेच नसे. पुढे चौकशी होऊन १८७९ चा डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट आला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि आपला अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. कागदाच्या पाठीमागे खरा व्यवहार काय होता, हे पाहण्याची मोकळीक त्याने कोर्टाला दिली. तो कायदा आज राहिलेला नाही. न वाचता सही करण्याची रीत मात्र राहिली आहे, आणि आता तर आपण शिकलेल्या बायकाही "यांनी सांगितले म्हणून" सही करतो!

असो. आता खरेदीकडे वळते.

दोन चिठ्ठ्या एकाच प्रश्नाच्या आहेत : "एक गुंठा जागा नोटरीवर घेतली आहे, चालेल ना?" चालत नाही. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेल्या दस्तानेच होते. नोटरी फक्त सही कोणाची हे सांगते. कुलमुखत्यारपत्रावर केलेली खरेदीही मालकी देत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. शिवाय शेतजमिनीच्या लहान तुकड्यांना १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. त्याच्या नियमांत अलीकडे फेरबदल होत आहेत, म्हणून विसार देण्यापूर्वी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावे. दिल्यानंतर विचारणारे फार भेटतात. शेतजमीन घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, हेही विसरू नये.

सातबारा पाहताना बायका नाव पाहतात आणि कागद घडी करून ठेवतात. "इतर हक्क" हा रकाना वाचा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, हे सारे तेथे असते. "भोगवटादार वर्ग २" असे लिहिलेले असेल तर परवानगीवाचून विक्री होत नाही. शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका पाहावी. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकी नव्हे. तो कर कोण भरतो एवढेच सांगतो. आणि तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. त्याची फी खरेदीच्या मानाने किरकोळ असते (हे मी वकील म्हणून सांगत नाही, असे समजा).

विकणाऱ्याच्या बहिणी आहेत का, हे जरूर विचारा. महाराष्ट्राने १९९४ साली आणि सर्व देशाने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हिस्सा दिला. २००५ पूर्वी वडील वारले असले तरी हा हक्क जात नाही, असे २०२० साली ठरले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मोडत नाहीत. बहिणींच्या सह्या नसतील तर पुढे दावा येतो. आणि तुम्ही स्वतः बहीण असाल, तर भाऊबीजेच्या ताटात हक्कसोडपत्र आले म्हणून लगेच सही करू नका. सोडावयाचा तर खुशाल सोडा, पण काय सोडतो आहोत ते मोजून. नोंदविलेले हक्कसोडपत्र रुसून परत मिळत नाही.

घर बाईच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट २०२१ पासून आहे. ते पंधरा वर्षे पुरुषाला विकता येत नाही, ही अट २०२३ साली गेली. नवऱ्याने राहते घर बायकोच्या नावे बक्षीसपत्राने केले, तर मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये. इतर आकार वेगळे.

राहिला बँकेच्या कर्जाचा प्रश्न. "व्याज कमी म्हणून कर्ज दुसऱ्या बँकेत न्यावे का?" बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून घेता येत नाही. म्हणून हिशेब करावा तो नव्या बँकेच्या खर्चाचा : प्रक्रिया शुल्क, पुन्हा मुद्रांक, शोध अहवाल. कर्जाची दोनतीन वर्षेच उरली असतील तर बहुधा फायदा नसतो, कारण व्याजाचा मोठा भाग आधीच भरून झालेला असतो. जुन्या बँकेकडे कोणते मूळ कागद आहेत, याची यादी सहीशिक्क्यानिशी आधीच मागून घ्या.

कर्ज पुरते फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करावे लागतात. विलंब बँकेचा असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पण सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही. बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो, आणि महिन्याभराने नवा उतारा काढून तो रकाना मोकळा झाला का हे आपल्या डोळ्यांनी पाहावे लागते.