इतिहासाचा निबंध : विधान, पुरावा आणि पूर्वपक्ष

(सुवर्णमहोत्सवी निबंध स्पर्धेच्या पूर्वतयारीसाठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमांत निबंध स्पर्धेला स्थान दिल्याबद्दल मी संस्थेचे प्रथम अभिनंदन करतो. अशा स्पर्धांचा परीक्षक म्हणून मी पुष्कळ निबंध वाचले आहेत. बहुतेकांचे अक्षर सुवाच्य असते, माहिती भरपूर असते आणि भाषाही बरी असते. उणीव एकाच गोष्टीची असते. लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे, हे शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही.

'श्रवणबेळगोळ' हा निबंधाचा विषय होऊ शकेल, परंतु ते प्रतिपादन नव्हे. ज्याच्याशी एखादा सुजाण माणूस असहमत होऊ शकतो, ते प्रतिपादन. 'बाहुबलींची मूर्ती भव्य आहे' या वाक्याला कोण विरोध करणार? म्हणून त्यावर निबंध उभा राहत नाही. त्याउलट, 'त्या मूर्तीच्या पायाशी कोरलेली मराठी ओळ हा मराठीतील आद्य शिलालेख होय' हे विधान घ्या. येथे वाद संभवतो आणि निबंधही संभवतो. आजचे उदाहरण म्हणून मी हेच विधान निवडले आहे. ते आपल्यापैकी अनेकांना प्रिय आहे, याची मला कल्पना आहे. प्रिय विधानाची परीक्षा घेता आली, तर इतर विधानांची सहज घेता येते.

विंध्यगिरीवरील सुमारे ५७ फूट उंचीची ती मूर्ती गंग राजांचा मंत्री व सेनापती चावुंडराय याने उभारविली. तिच्या पायांच्या दोन्ही बाजूंना कन्नड, तमिळ आणि मराठी भाषांत लहान लहान लेख आहेत. 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही मराठी ओळ नागरी लिपीत आहे. मूर्तीचा काळ दहाव्या शतकाच्या अखेरचा, म्हणून ओळही त्याच काळची, असे मानून अनेक पुस्तकांतून इ.स. ९८३ हे साल छापले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले.

आता पुराव्याकडे पुराव्याच्याच नजरेने पाहू. ही ओळ काय सांगते? चावुंडरायाने हे करविले, एवढेच. ती केव्हा कोरली, हे ती सांगत नाही. तिच्यात शकाचा उल्लेख नाही. या सभागृहाबाहेरच्या फलकावर संस्थेचे स्थापनावर्ष लिहिले आहे. तो फलक महोत्सवासाठी नुकताच नव्याने रंगविलेला दिसतो. पुढे कोणी त्या वर्षावरून फलकाच्या रंगाचे वय ठरवू लागला, तर आपण त्याला काय म्हणू? घटनेचा काळ आणि घटनेच्या नोंदीचा काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दुसरे काही लक्षात ठेवले नाही तरी चालेल, हे मात्र ठेवावे.

शिवाय ही ओळ एकटी नाही. तिच्या जोडीला दुसरी मराठी ओळ आहे. गंगराजाने 'सुत्ताले' म्हणजे मूर्तीभोवतीचा आवार करविला, असे ती सांगते. हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. त्याचा काळ बाराव्या शतकाचा आरंभ, आवाराचा काळ इ.स. १११७ च्या सुमाराचा. म्हणजे दोन ओळींत उल्लेखिलेल्या कार्यांमध्ये सुमारे १३० वर्षांचे अंतर आहे. असे असूनही दोन्ही ओळींचे अक्षरवळण एकच असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. त्यावरून अनुमान निघते की गंगराजाच्या काळी दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या गेल्या. पहिलीत मूळ कर्त्याचे स्मरण केले, दुसरीत नव्या कामाची नोंद केली.

येथे थांबला तर तुमचा निबंध अर्धाच झाला. आपल्याकडच्या वादपरंपरेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडावे लागे; त्याला पूर्वपक्ष म्हणत. निबंध लिहिणारे पुष्कळजण पूर्वपक्ष मांडतात खरा, पण इतका दुबळा करून मांडतात की एका फुंकरीने उडून जावा. त्याने वाचकाची फसवणूक होते आणि लेखकाचीही. बलवान पूर्वपक्ष असा असेल : चावुंडरायाचे नाव सांगणारे कन्नड व तमिळ लेख त्याच्याच काळचे मानले जातात, मग मराठी ओळ तेवढी मागाहूनची का? आणि गंगराजाच्या कारागिराने जुन्या ओळीचे वळण पाहून त्याच धाटणीने नवी ओळ कोरली नसेल कशावरून?

ही शंका वाजवी आहे. तिला 'हास्यास्पद' म्हणून झटकू नये. उत्तर असे देता येईल की जुने वळण गिरवले जाणे शक्य आहे, परंतु तसे घडल्याचा स्वतंत्र पुरावा पुढे आलेला नाही. आणि सारखे वळण आढळले असता ते एकाच काळचे मानणे हे अधिक साधे स्पष्टीकरण होय. शक्यता आणि संभाव्यता यांतला भेद ज्याने राखला, त्याच्या निबंधाला वजन येते. म्हणून 'निर्विवाद', 'निःसंशय' हे शब्द मी विद्यार्थ्यांच्या वहीत दिसले की खूण करतो. बहुधा जेथे पुरावा संपलेला असतो, तेथेच ते येतात.

मौनाचाही पुरावा होतो, पण तो जपून वापरावा. चावुंडरायाने इ.स. ९७८ मध्ये कन्नड गद्यात पुराण रचले. त्यात या मूर्तीचा उल्लेख नाही. एखाद्या ग्रंथात एखादी गोष्ट नाही म्हणून ती घडलीच नाही, असे सहसा म्हणता येत नाही. येथे मात्र ग्रंथकर्ता तोच आणि मूर्तीचा कर्ताही तोच. त्याने त्या ग्रंथात आपल्या बिरुदांची नोंद केली आहे. असा माणूस एवढ्या मोठ्या कार्याविषयी गप्प राहील का? म्हणून मूर्ती ९७८ नंतरची, या अनुमानाला बळ येते. नेमक्या वर्षाबद्दल मात्र मतभेद आहेत. सहस्राब्दी महोत्सव १९८१ साली झाला, तो ९८१ हे वर्ष धरून.

मग आद्य मराठी शिलालेख कोणता? डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी आपल्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' (१९६३) या ग्रंथात अशा लेखांचे वाचन एकत्र केले. अलिबागजवळील आक्षीचा लेख त्यांच्या वाचनानुसार शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा आहे. सोलापूर जिल्ह्यातील हत्तरसंग-कुडल येथील लेख शके ९४० चा, म्हणजे इ.स. १०१८ चा. या लेखांचे सामर्थ्य असे की आपला शक ते स्वतःच सांगतात. तरीही निबंधात 'आजवर उपलब्ध असलेल्यांत' हे शब्द घालावेत. जमिनीच्या पोटात काय आहे हे आपण पाहिलेले नाही.

काही विद्यार्थी अशा वेळी अनेकान्ताचा आधार घेऊन 'दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर आहेत' असा शेवट करतात. तो अनेकान्त नव्हे, तो निर्णयाचा कंटाळा आहे. कोणत्या अपेक्षेने कोणते विधान खरे, हे नेमके सांगणे हे तर अधिक कष्टाचे काम. मूर्तीच्या अपेक्षेने दहावे शतक खरे, ओळीच्या अपेक्षेने बारावे अधिक संभाव्य, असे लिहा की!

९८३ सोडले तर आपला वारसा उणावेल, अशी भीती मला एका विद्यार्थ्याने बोलून दाखविली होती. मला ती पटत नाही. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तो काही या एका ओळीच्या खांद्यावर उभा नव्हता. उलट ओळ १११७ च्या सुमाराची मानताच एक नवा, अधिक रोचक प्रश्न समोर येतो. होयसळांच्या राज्यात, कन्नड मुलखात, एका सेनापतीला आपल्या कार्याची नोंद मराठीत करावीशी का वाटली? ती कोण वाचणार होते? मराठी बोलणारे यात्रेकरू तेव्हा तेथे येत असावेत काय? मी स्पर्धक असतो तर याच प्रश्नावर लिहिले असते, आणि पहिल्याच परिच्छेदात माझे उत्तर एका वाक्यात सांगून टाकले असते.

निबंध देण्याची मुदत अजून शिल्लक आहे. तुमच्या काही शंका असतील, तर त्या आताच विचाराव्यात.