मागची काच

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, पाच-सात मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा घ्या." पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगणारे माझ्यापेक्षा चांगले वक्ते इथे बसले आहेत. टँकरच्या रांगा, लिफ्ट बंद पडल्याचे किस्से, पहिल्या गणपतीची वर्गणी, हे सगळं त्यांच्याकडून ऐकालच. मी बोलणार आहे माझ्या गाडीच्या मागच्या काचेबद्दल. हसू नका. विषय छोटा आहे, पण त्यापायी माझी झोप उडाली होती.

निवृत्त झाल्यावर मी हौसेने एक सेकंडहँड छोटी गाडी घेतली. जुनं मॉडेल, त्यामुळे मागे कॅमेरा नाही, सेन्सरही नाही. पुतण्या म्हणाला, "काका, मागच्या काचेवर लूव्हर्स बसवू, गाडी एकदम स्पोर्टी दिसेल." लूव्हर्स म्हणजे आपल्या बाथरूमच्या खिडकीला असतात तशा आडव्या, तिरक्या पट्ट्या, फक्त काळ्या रंगाच्या. जुन्या वाड्यांत त्यालाच झिलमिली म्हणायचे. 1966 साली लँबोर्गिनी कंपनीने मिउरा नावाची गाडी आणली, तिच्या मागच्या बाजूला अशा पट्ट्या होत्या. त्या गाडीचं इंजिन सीटच्या मागे, त्याची उष्णता बाहेर जायला वाट हवी, म्हणून त्या पट्ट्या. माझ्या गाडीचं इंजिन पुढे! तेव्हा माझ्या पट्ट्यांना थोडी सावली देणं आणि रुबाबदार दिसणं, एवढंच काम होतं.

बसवताना मागचा वायपर काढावा लागला. मी म्हटलं, काढा. पट्ट्या दुहेरी चिकट टेपने काचेवर पक्क्या बसल्या. पार्किंगमध्ये आठ दिवस कौतुक झालं. मी पण जाता-येता मागे वळून बघायचो.

आता बाथरूमच्या त्या पट्ट्या दिवाळीच्या साफसफाईत पुसताना काय हाल होतात, ते ज्या घरात जे कोणी पुसतात त्यांना विचारा. इथेही तेच झालं. गाडी पुसणारा मुलगा सकाळी पाणी जायच्या आत वीस गाड्या उरकतो. तो पट्ट्या वरून पुसायचा, पट्ट्या चकचकीत दिसायच्या. आत काचेवर मात्र थर साठत होता. त्यातून छोट्या गाड्या मागून सपाट कापल्यासारख्या असतात. गाडी धावताना मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ, चिखलाचे तुषार तो मागच्या काचेवर आणून बसवतो. म्हणूनच कित्येक छोट्या गाड्यांना मागेसुद्धा वायपर देतात. मी तोच काढून माळ्यावर ठेवला होता.

सौभाग्यवती दोनदा म्हणाल्या, "अहो, मागचं काही दिसत नाही." मी म्हटलं, "आरसे आहेत की."

दिवाळीच्या आधीचा आठवडा. मुलांनी पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला करायला घेतला होता. संध्याकाळी सातचा सुमार, दिवा अंधुक. मी आरशात बघून गाडी मागे घेत होतो, तेवढ्यात टपावर जोरात थाप पडली. आपले वॉचमनदादा ओरडत होते. मी ब्रेक दाबला. चाकाखाली काहीतरी कडकन मोडलं.

ते प्लॅस्टिकचं घमेलं होतं. माती भरलेलं. त्याच्यापासून हातभर अंतरावर बी विंगमधली आपली एक चिमुरडी उकिडवी बसली होती, किल्ल्यासाठी दगड वेचत. तिला काही कळलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "आजोबा, माझं घमेलं!"

खाली बसलेलं मूल स्वच्छ काचेतूनही दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण घमेलं घेऊन ती चालत आली होती. काच साफ असती, तर येताना ती दिसली असती. ही गोष्ट मी स्वतःला अनेक रात्री सांगितली आहे.

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो आणि जे झालं ते सांगितलं. तिची आई काही बोलली नाही. आत गेली, पाण्याचा ग्लास आणून माझ्या हातात दिला. माझा हात थरथरत होता. रविवारी सकाळी तिचे बाबा माझ्या दारात उभे, हातात केस वाळवायचा ड्रायर. म्हणाले, "चला काका, त्या पट्ट्या काढू."

ड्रायरने टेप हळूहळू गरम केली, गळाची तंगूस मागून सरकवली आणि करवतीसारखी ओढली. चिकटा सर्जिकल स्पिरिटने निघाला. खालची काच बघून आम्ही दोघंही गप्प झालो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, धुळीचे ओघळ आणि कोरड्या फडक्याचे बारीक ओरखडे.

मागच्या काचेवरच्या पट्ट्या मी परत लावल्या नाहीत. मागच्या बाजूच्या दोन छोट्या तिकोनी काचांवरच्या मात्र ठेवल्या. हौस आहे, नाकारत नाही. आपल्या पार्किंगमध्ये अशा पट्ट्यांच्या आणखी चार-पाच गाड्या आहेत. काढा असं मी म्हणणार नाही. पण ठेवायच्या तर काच पुसायची शिस्त ठेवा. मी करतो ते सांगतो.

आधी कोरडी धूळ काढायची. त्यासाठी रंगाचा नवा, मऊ, एक इंची ब्रश घ्या आणि वरच्या फटीपासून खाली या. कोरडं फडकं कधीच घासू नका, धुळीतली वाळू काचेवर ओरखडे पाडते. मग पाणी फवारून पाच मिनिटं भिजू द्या. अर्ध्या बादलीत गाडीचा शाम्पू थोडासा, कपड्याची पावडर नको. लाकडी फूटपट्टीला मायक्रोफायबरचं फडकं गुंडाळा, एकेका फटीतून फिरवा आणि दर फटीनंतर ते खळबळून घ्या. शेवटी साध्या पाण्याने धुऊन दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. नळी लावायची गरज नाही, बादलीभर पाण्यात सगळं होतं. पांढऱ्या डागांवर साधं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून ओलं फडकं दोन-तीन मिनिटं दाबून धरा, मग धुवा. रंगावर ओघळ राहू देऊ नका.

आतूनही पुसा. मागच्या काचेवर बारीक आडव्या रेषा असतील, तर त्या धुकं घालवायच्या तारा आहेत. त्यांच्या दिशेनेच हात फिरवा, उभा घासलात तर तार तुटू शकते. हे आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा. गाडी पुसणाऱ्या मुलाकडून करून घेणार असाल, तर ब्रश आपण द्या आणि जास्तीच्या वेळाचे पैसेही द्या.

नवीन पट्ट्या बसवणाऱ्यांना तीन प्रश्न. पट्ट्यांची चौकट बिजागरीवर उघडते का? वायपर काढावा लागतो का? काचेच्या वरच्या बाजूला आतला ब्रेकचा दिवा झाकला जातो का? केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काच नियमात बसते, पण तिच्यावर आपणच धूळ साठवली तर त्या नियमाचा उपयोग काय?

एक सोपी परीक्षा. अंधार पडल्यावर गाडीत बसा आणि घरातल्या कुणाला तरी दहा पावलं मागे उभं करा. त्यांना हाताची बोटं दाखवायला सांगा. मागच्या काचेतून ती मोजता आली नाहीत, तर त्या दिवशी गाडी मागे घेऊ नका. आणि बोटं मोजता आली तरी, गाडी सुरू करण्याआधी एकदा उतरून मागे चक्कर मारा. माझे गुडघे दुखतात, तरी मी मारतो.

सौभाग्यवतींनी दोनदा सांगितलं होतं, हे मी मघाशी बोललो. त्या समोरच बसल्या आहेत. आज सगळ्यांच्या देखत सांगतो: तुमचं बरोबर होतं.

यंदा मुलं प्रतापगड करणार आहेत, असं कळलं. नवीन घमेलं मी आणून ठेवलं आहे, लोखंडी. किल्ला होईपर्यंत त्या कोपऱ्याशेजारच्या दोन जागा रिकाम्या ठेवायची विनंती मी कार्यकारिणीला केली आहे. त्यातली एक जागा माझीच आहे.

ज्यांनी त्या संध्याकाळी टपावर थाप मारली, ते आपले वॉचमनदादा खाली गेटवर आहेत. जेवायला जाताना त्यांना वर बोलवा, पहिली पंगत त्यांची.