थंडीचे दिवस आणि उसाचा फड

उसांत साखर भरते ती थंडीमुळें, ही गोष्ट बागाइतदारांस सांगावयास नको. पाऊस सरून आकाश निवळलें व रात्री गार होऊं लागल्या, म्हणजे उसाची वाढ मंदावते आणि पानांनीं तयार केलेली साखर वाढींत खर्च न होतां कांड्यांत सांठूं लागते. म्हणूनच गळिताचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि पौष-माघांत साखरेचा उतारा चढा लागतो. परंतु ज्या थंडीनें ऊस गोड होतो, तीच थंडी ऊस तोडणाराला अंगावर घ्यावी लागते. साखर घातलेला चहा घेत, शाल पांघरून हें भाषण ऐकणाऱ्या श्रोत्यांच्या ध्यानांत ही दुसरी गोष्ट क्वचितच येते.

ज्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, तो नगर जिल्हा या बाबतींत मोठा विलक्षण आहे. १९२६ सालीं पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यानें प्रवरेचा कांठ हिरवा केला. त्याच कांठीं, लोणीच्या परिसरांत, विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्यानें १९५०-५१ मध्यें पहिला हंगाम घेतला आणि शेतकऱ्यांनीं स्वतः चालविलेला उद्योग कसा असतो, तें देशाला दाखवून दिलें. याच जिल्ह्याचे पाथर्डी, शेवगांव व जामखेड हे तालुके मात्र अवर्षणाचे. खरिपाची बाजरी निघाली कीं तेथील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें भांडीं, पांघरुणें, पोरेंबाळें व बैल घेऊन साखरेच्या मुलखाकडे निघतात. म्हणजे मजूर पाठविणारा व मजूर बोलावणारा, दोघेही एकाच जिल्ह्यांत नांदतात.

नवराबायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. हा शब्द पुष्कळ कांहीं सांगून जातो. माणसें दोन, आणि हिशेबांत धरलें जातें तें हत्यार! या कोयत्याला मुकादम पावसाळ्यांतच उचल देतो. ती घरदुरुस्तींत, लग्नांत किंवा मागील कर्जांत केव्हांच संपलेली असते, आणि मग सारा हिवाळाभर ती फेडावयाची असते.

या हिवाळ्याचा एक दिवस कसा असतो? पहाटे तीन-चार वाजतां कोपीपुढें चूल पेटते. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर चटई किंवा ताडपत्री टाकून केलेली खोप. तिच्यांत उभें राहतां येत नाहीं. बाई भाकऱ्या थापते, पाणी दुरून आणते आणि निजलेल्या मुलाला उचलून फडाकडे चालूं लागते. मार्गशीर्ष-पौषांत नगरच्या बाजूस पारा कित्येकदां दहा अंशांच्या खालीं उतरतो, आणि पाण्यानें भिजलेल्या उसाच्या रानांत तर गारठा अधिकच. दंव उसाच्या पानांवर सांचलेलें असतें, त्यामुळें पहिल्या घटकेंतच अंगावरचें लुगडें नि सदरा ओला होतो. पानांच्या कडा करवतीसारख्या. शिवाय त्यांवरची बारीक कूस कातडींत शिरते. गारठलेल्या बोटांना कोयत्याच्या मुठीचा अंदाज राहत नाहीं, आणि चुकलेला घाव उसावर न बसतां पायाच्या नडगीवर बसतो. अलीकडे बिबट्यानेंही उसालाच आपलें घर मानलें आहे. त्याचीं पिलें फडांत सांपडल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. अंधारांत बांधावर निजविलेलें लेंकरूं हा त्या आईचा सर्वांत मोठा घोर असतो.

तोडलेला ऊस सांठवून ठेवतां येत नाहीं. तो वाळतो, वजन घटतें, साखर नासूं लागते. म्हणून कारखाना अहोरात्र चालतो आणि वाहन रात्रीं आलें तर रात्रीं भरावें लागतें. मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढण्याचें काम बहुधा बाईचें!

आतां, हा मजूर कोणाचा? कारखान्याच्या भिंतीच्या आंत जो काम करतो, त्याच्यासाठीं १९४८ च्या कारखाने-कायद्यानें उपाहारगृह, धुण्याची सोय, स्त्रियांची संख्या ठरावीक असेल तेथें पाळणाघर, हे नियम घालून दिले. बॉयलरजवळच्या माणसाला तर थंडीचें भयही नाहीं. त्याच कारखान्याचा ऊस भिंतीबाहेर तोडणारा माणूस मात्र मुकादमाचा. मुकादम म्हणतो, आपण मध्यस्थ. कारखाना म्हणतो, आपला करार मुकादमाशीं. शेतकरी म्हणतो, आपला संबंध उसापुरता. तिघांचेंही बोलणें कागदावर खरें आहे आणि न्यायानें पाहतां अपुरें आहे. ज्याच्या गव्हाणींत ऊस पडतो, त्याचा तो मजूर, असें म्हणण्यांत अतिशयोक्ति कसली?

या टोलवाटोलवीची किंमत स्त्रीदेहानें मोजली आहे. एक दिवस काम चुकलें तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. तेथें आजार परवडत नाहीं, बाळंतपण परवडत नाहीं, मासिक पाळीसुद्धां परवडत नाहीं. बीड जिल्ह्यांतील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशयें तरुण वयांतच काढलीं जातात, असा बोभाटा २०१९ सालीं झाला आणि शासनानें चौकशी-समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. या आंकड्यावर निराळें भाष्य नको.

कांहींच झालें नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०१९ सालीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें ऊसतोड कामगारांचें कल्याण महामंडळ स्थापन झालें. त्यासाठीं कारखान्यांनीं टनामागें दहा रुपये द्यावे व शासनानें तितकीच भर घालावी, असें ठरलें. २०२१ मध्यें मुलामुलींसाठीं संत भगवानबाबांच्या नांवानें वसतिगृहांची योजना निघाली. ही सर्वांत मोलाची, कारण गांवीं राहण्याची सोय झाली तर मूल थंडींतून सुटतें आणि शाळेंतही टिकतें. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ ठरली. परंतु वाढलेला दर रात्रीं उशाला घेऊन निजतां येत नाहीं. कोपींत ऊब हवी म्हणून पाचट पेटवावें, तर धुरानें मुलें खोकतात आणि एका ठिणगीनें खोप जळून जाते.

कारखान्यानें मनांत आणलें तर हंगामाच्या आरंभींच कोरड्या उंचवट्यावर जागा आंखून, तेथें दिवे, शौचकूप नि जाड ताडपत्री देणें कठीण नाहीं. उजाडल्याखेरीज कोयता चालवावयाचा नाहीं, एवढा नियम केला तरी अर्ध्या जखमा टळतील. मात्र वाहनांची वेळ त्या बेतानें बदलावी लागेल, आणि खरी अडचण तेथेंच आहे. आठवड्यास एकदां परिचारिका तळावर यावी, आणि तिनें लिहून दिलेल्या विश्रांतीचा खाडा धरूं नये.

आणि ऊन पाणी! उसाच्या वजनांत दहांपैकीं सात भाग पाणीच असतें. रस आटवितांना त्याची वाफ होते व थंड होऊन तें पुन्हां ऊन पाणी बनतें. बॉयलरची गरज भागून कारखान्यापाशीं तें उरतें. तें शुद्ध करून सायंकाळीं एक टँकर तळावर पाठवावा. उसांतून निघालेल्या त्या पाण्यानें फडावरून परतलेली बाई आपले ठणकणारे हातपाय तरी शेकून घेईल.