लोककवी वामनदादा कर्डक : गाणे आणि गाणाराचा हक्क



वसंत व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले, बाकीचे कामगारांच्या सभांतून आणि मागून आणलेल्या पुस्तकांतून झाले. म्हणून आज जो विषय घेतला आहे तो आमच्या पायरीला शोभेल असाच घेतला आहे. ज्याला तरुणपणापर्यंत अक्षरओळख नव्हती आणि ज्याची गाणी पुढे अवघ्या महाराष्ट्राने गायिली, त्या माणसाविषयी आम्ही बोलणार आहोत.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावी झाला. घर दलिताचे, शाळेशी गाठ नाही. अशा घरातला मुलगा त्या काळी जिथे जात असे तिथेच वामनही गेला, म्हणजे मुंबईला. तिथे त्याने गिरणीत काम केले, कोळशाच्या वखारीत ओझी उचलली, मिळेल ती मजुरी केली. सिनेमात नट व्हावे अशी हौस होती, म्हणून स्टुडिओच्या दारात गर्दीतला माणूस म्हणूनही तो उभा राहिला. कामगाराच्या पोराची ही नेहमीची कहाणी आहे. हिच्यात नवल आहे ते पुढे.

चाळीत कुणीतरी एक पत्र वामनच्या हातात दिले. वाचता येईना. अंगात ताकद आहे, गळा आहे, आणि चार ओळींपुढे मात्र माणूस आंधळा! ही लाज त्याला सहन झाली नाही. समता सैनिक दलातल्या देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्याने बाराखडी गिरवली आणि जोडाक्षरे शिकला ती दुकानांच्या पाट्या वाचून. मुंबईचा रस्ता हीच त्याची शाळा आणि दुकानदारांचे फळे हीच त्याची पाठ्यपुस्तके. यात करुण असे काही आम्हाला दिसत नाही. ज्याला शिकायचे असते तो फी भरीत बसत नाही, एवढाच याचा अर्थ.

१९४३ हे साल वामनदादांच्या आयुष्यात दोन अर्थांनी महत्त्वाचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यांनी प्रथम पाहिले ते याच वर्षी, आणि पहिले गाणे रचले तेही याच वर्षी. ते पहिले गाणे एका हिंदी सिनेगीताचे विडंबन होते. चार मित्र हसले, त्यांनी पाठ थोपटली, आणि आपण शब्द जुळवू शकतो हे त्या मजुराला कळले. पुढे चेष्टा मागे पडली आणि चळवळ पुढे आली. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर पोरक्या झालेल्या समाजाला धीर देण्याचे काम पुढाऱ्यांच्या भाषणांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, गाणाऱ्यांनी केले. त्या गाणाऱ्यांत वामनदादा आघाडीला होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा लढा आला, त्यातही ते होते. एका प्रसिद्ध गाण्यात त्यांनी बड्या भांडवलदारांची नावे घेऊन धनाच्या साठ्यातल्या गरिबाच्या हिश्श्याचा जाब विचारला आहे. ते गाणे आम्ही कामगारांच्या मोर्चात ऐकले आहे. अर्ध्या तासाच्या भाषणाने जे पटत नाही ते तीन मिनिटांत पटताना पाहिले आहे.

हे कसे घडते याचा विचार करू. वामनदादांच्या गाण्याचे धृपद लहान असते. एकदा ऐकले की दुसऱ्या वेळी श्रोता स्वतःच म्हणू लागतो. कडवी आखूड असतात, म्हणून दमलेल्या माणसाचे ध्यान सुटत नाही. चाल पुष्कळदा ओळखीची असते, म्हणून ती शिकवावी लागत नाही. ढोलकी आणि टाळ मिळाले तर उत्तम, नसले तर टाळी पुरे. ज्यांच्याजवळ कागद नाही, आणि असला तर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी हे वर्तमानपत्र आहे.

काही रसिक म्हणतील, उसनी चाल घेतली तर त्यात कवीचे ते काय? त्यांना आम्ही अमेरिकेतले उदाहरण देऊ. जो हिल नावाचा एक स्वीडिश मजूर तिकडे गेला आणि कामगार संघटनेत शिरला. चर्चमध्ये आणि चौकात म्हटल्या जाणाऱ्या भजनांच्या चाली घेऊन त्याने त्यांत संपाचे शब्द भरले. १९१५ साली युटा राज्यात खुनाच्या आरोपावरून त्याला गोळ्या घालून मारण्यात आले. खटला न्याय्य नव्हता असे सांगणारे आजही पुष्कळ आहेत. त्याची गाणी मात्र तिथल्या कामगारांच्या खिशातल्या छोट्या पुस्तकातून जगभर गेली. आपल्याकडे सत्यशोधक जलसे झाले, आंबेडकरी जलसे झाले, भीमराव कर्डकांसारख्यांनी ते गावोगाव नेले. चाल लोकांची, विचार नवा, ही रीत जुनी आहे आणि ती गरजेतून आली आहे. शिवाय वामनदादांनी स्वतःच्या चाली बांधल्या, गझला लिहिल्या, मराठी चित्रपटांसाठीही गाणी दिली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. वामनदादांच्या बहुतेक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. तुकोबांच्या अभंगात ‘तुका’ येतो, आपल्या मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या भजनात ‘तुकड्या’ येतो, त्याच परंपरेतले हे. विद्वान याला नाममुद्रा म्हणतात. आम्ही कामगारांत वावरणारी माणसे, आम्हाला यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्याच्याजवळ छापखाना नाही, करारनामा नाही, वकील नाही, त्याने आपल्या मालावर आपली सही कशी करावी? तर ती मालाच्या विणीतच विणून टाकावी. चोराला सही काढायची तर कापडच फाडावे लागेल.

आणि कापड फाडलेही गेले. पुढे कॅसेटचा जमाना आला. वेष्टनावर गाणाराचे चित्र मोठे, कंपनीचे नाव त्याहून मोठे, आणि गाणे रचणारा कोपऱ्यात, किंवा कुठेच नाही. आज मोबाईलवर तीच गाणी वाजतात तेव्हाही तीच गत. शेवटचे कडवे गाळून गाणे म्हटले की सही गेलीच. जयंतीच्या मांडवात रात्रभर गाणी होतात, देणगी देणाऱ्यांची नावे दहा वेळा पुकारली जातात, आणि ज्याच्या शब्दांवर ती रात्र उभी आहे त्याचे नाव एकदाही निघत नाही.

बंधूंनो, यात केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. गिरणीत सूत कातणाऱ्याला आपण मजूर म्हणतो आणि त्याच्या मजुरीसाठी भांडतो. शब्द कातणाराही मजूरच आहे. या देशात १९५७ साली लेखनाधिकाराचा कायदा झाला. त्यात कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे त्याच्या वारसांचा हक्क राखलेला आहे. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले, म्हणजे हा हक्क २०६४ अखेरपर्यंत जिवंत आहे. याच कायद्यात हक्क विकून टाकल्यानंतरही ‘हे माझे’ असे म्हणण्याचा अधिकार कर्त्याजवळ राहतो. २०१२ साली त्यात दुरुस्ती होऊन सिनेमातल्या आणि ध्वनिमुद्रित गाण्यांच्या गीतकाराला पुढच्या उत्पन्नातला वाटा मिळाला, आणि तो त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही असे ठरले. कायदा चांगला आहे. परंतु किमान वेतनाचा कायदाही चांगला आहे! मजूर संघटित नसेल तर कायदा कपाटात राहतो, हा आमचा अनुभव आहे. मुंबईच्या नामांकित गीतकारांनी एकत्र येऊन आपला वाटा मागितला. खेड्यातल्या शाहिराची, भीमगीते रचणाराची, कलापथकातल्या पेटीवाल्याची संघटना कुठे आहे?

वामनदादांनी किती गाणी रचली? दहा हजारांच्या घरात, असे लोक सांगतात. छापील पुस्तकांत त्यांतली थोडी आली. ‘वाटचाल’, ‘मोहळ’, ‘हे गीत वामनाचे’ हे संग्रह निघाले, ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथनही निघाले. बाकीची गाणी कुठे आहेत? ती शिष्यांच्या वह्यांत आहेत, कुणाच्या घरच्या ट्रंकेत आहेत, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. दादा गावोगाव फिरले, मिळेल त्या झोपडीत उतरले, आणि जिथे उतरले तिथे गाणे ठेवून आले. एक म्हातारा गेला की दहा गाणी जातात. ही हानी कोणत्याही वर्तमानपत्रात छापून येत नाही.

आणि हे बोलण्याचा अधिकार वर्धेला इतर गावांपेक्षा जास्त आहे. १९९३ साली पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन याच वर्ध्यात भरले आणि त्याचे अध्यक्ष वामनदादा कर्डक होते. पाट्या वाचून जोडाक्षरे शिकलेला मजूर साहित्यिकांच्या अध्यक्षस्थानी बसला. हा मान वर्धेने दिला. मान दिला की जबाबदारीही येते.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो, त्यांना पैसा फारसा लागत नाही. पहिली, येत्या जयंतीपासून आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मांडवात गाणे सुरू होण्यापूर्वी रचणाराचे नाव पुकारावे, आणि शेवटचे कडवे गाळू नये. दुसरी, वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथल्या वाचनालयांनी जुन्या गायकांच्या वह्या मागवाव्या, त्यांच्या नकला कराव्या, आणि मूळ वही सन्मानाने परत करावी. वही हडप करणारा संग्राहक आम्हाला कंपनीइतकाच अप्रिय आहे. तिसरी, कलापथकांनी आपली संघटना बांधावी. सुपारी किती, प्रवासखर्च कोणाचा, ध्वनिमुद्रण केले तर वाटा कुणाला, हे आधी कागदावर ठरवावे. त्यासाठी लागेल ती मदत करायला आमच्यासारखे कार्यकर्ते तयार आहेत.

पुलगावच्या गिरणीचा भोंगा बंद पडला. त्या भोंग्यावर उठणाऱ्या माणसांची हजेरीपुस्तके कुठे असतील कोण जाणे. पण त्या माणसांनी म्हटलेली गाणी अजून आहेत आणि त्यांच्या शेवटी एका मजुराची सही आहे. ती पुसू न देणे आपल्या हाती आहे.