मधुमेह : पथ्य, औषध आणि व्रताचा विवेक



मधुमेह हा केवळ साखरेचा विकार नव्हे. तो बैठ्या सुखाचाही विकार आहे. चरकसंहितेने प्रमेहाचे २० प्रकार सांगताना एका जागी बसून राहणे, अतिनिद्रा, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ ही त्याची कारणे दिली आहेत. आज भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत वर्तविण्यात आला.

सुश्रुताने निर्धन रुग्णासाठी एक विलक्षण उपचार सांगितला आहे. त्याने पादत्राण व छत्रीविना, भिक्षान्नावर राहून, एका गावी एकच रात्र मुक्काम करीत, मुनीप्रमाणे संयमाने १०० योजने चालावे. हे वाचताना जैन श्रावकाच्या डोळ्यांसमोर साधु-साध्वींचा विहार उभा राहिल्यावाचून राहत नाही. मात्र मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. लहानशी जखमही चिघळते. म्हणून रुग्णाने यातील चालणे घ्यावे, अनवाणीपण घेऊ नये. म्हसरूळच्या गजपंथाच्या पायऱ्या चढण्यापूर्वीही हृदय व पाय तपासून घ्यावेत.

आहारात आयुर्वेद जव, मूग, जुने धान्य व कारल्यासारख्या कडू भाज्यांना प्राधान्य देतो. अष्टांगहृदयाने आवळा व हळद यांचा गौरव केला आहे. ऊनोदरी आणि रात्रिभोजनत्याग ही व्रते पथ्याला पूरकच आहेत. परंतु सूर्यास्तापूर्वी घाईने फरसाण, जिलबी, पुरी पोटभर खाल्ली, तर नियम पाळला जातो, पथ्य मात्र मोडते.

ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. नियंत्रित अल्पाहाराने वजन घटविणाऱ्या गटातील ४६ टक्के रुग्णांचा टाइप २ मधुमेह वर्षाअखेर औषधांविना आटोक्यात होता. हे रुग्ण निदान होऊन ६ वर्षांच्या आतले होते आणि त्यांची औषधे वैद्यकीय देखरेखीखाली थांबविली होती. काढा सुरू केला म्हणून स्वतःहून गोळ्या बंद करणे ही वेगळीच, धोकादायक गोष्ट होय.

खरी कसोटी पर्युषणात लागते. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असताना उपवास केल्यास रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, मनाचा गोंधळ ही त्याची लक्षणे. त्या क्षणी साखर पोटात जाणे अनिवार्य असते. विलंब प्राणावर बेतू शकतो. गुडमार, मेथी यांसारखी द्रव्येही शर्करा उतरवू शकतात. म्हणून ती घेत असल्याचे डॉक्टरांना सांगावे. चौविहाराच्या भीतीने पुष्कळजण लक्षणे लपवितात. वस्तुतः पच्चक्खाणातच आगारांची, म्हणजे अपवादांची, तरतूद आहे आणि गंभीर व्याधीत समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याचा आगार त्यांतच येतो. व्रत घेण्यापूर्वी डॉक्टर व गुरुमहाराज या दोघांचाही सल्ला घ्यावा.

१९९८ साली नाशिकमध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली आयुर्वेद व आधुनिक वैद्यक एकत्र नांदतात. रुग्णाच्या घरीही तसेच व्हावे. ज्याचे शरीर तपाला साथ देत नाही, त्याने ताटातील एक घास कमी करावा. तेही तपच आहे.

जय जिनेंद्र.