चाळिशीत सापडलेला सूर



“आता या वयात काय शिकावयाचे?” हा प्रश्न आपणांपैकी अनेकांनी स्वतःस विचारला असेल. आम्हां वकिलांना पुराव्यावाचून कोणतेही विधान मान्य करता येत नाही. म्हणून एका माणसाच्या आयुष्याचा पुरावा मी आपणांपुढे ठेवतो.

अँटन ब्रुकनर हा ऑस्ट्रियातील एका खेड्यातल्या शाळामास्तराचा मुलगा. त्याचा जन्म १८२४ सालचा. १८३७ साली वडील वारले आणि तो सेंट फ्लोरियनच्या मठात गाणाऱ्या मुलांमध्ये दाखल झाला. १८४१ साली तो विंडहाग गावी साहाय्यक शिक्षक झाला. तेथे शिकविण्याबरोबर शेतात खत टाकण्याचे कामही त्याच्या माथी आले. श्रमात कमीपणा नाही. परंतु वाट्यास आलेल्या कामावरून मनुष्याची योग्यता ठरविणे हा अन्याय होय.

वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो व्हिएन्नाच्या सायमन सेख्टर यांचा विद्यार्थी झाला. हा अभ्यास १८६१ पर्यंत, बराचसा टपालाने चालला. अभ्यास संपेपर्यंत स्वतंत्र रचना करावयाची नाही, ही गुरूंची अट त्याने बहुतांशी पाळली. त्यानंतर ओटो किट्सलर यांच्याकडे तो शिकू लागला. हे गुरू त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होते. त्यात त्याला लाज वाटली नाही.

१८६४ साली, चाळिसाव्या वर्षी, त्याने रचलेले उपासनेचे समूहगान लिंझच्या कॅथीड्रलमध्ये गायिले गेले. पूर्वीही त्याने रचना केल्या होत्या; परंतु त्याचा स्वतःचा सूर येथे प्रथम स्पष्ट ऐकू आला. १८९६ साली मृत्यू येईपर्यंत त्याने लेखणी खाली ठेवली नाही.

१८६९ सालचे त्याचे ‘लोकुस इस्ते’ हे छोटे गान वाद्यांवाचून चार आवाजांत गातात. स्त्रियांचे दोन व पुरुषांचे दोन आवाज आपापली निराळी चाल एकाच वेळी म्हणतात. त्यात खर्जाचा सूर हलका गणला जात नाही. उरलेले तिघे त्याच्याच आधारावर उभे असतात.

तेव्हा ज्याच्या कंठात सूर आहे, त्याने वयाची सबब सांगू नये. घरातील वडीलधारे माणूस संध्याकाळी गाणे शिकावयास बसले, तर आपण हसू नये. त्यांस दिवा द्यावा आणि निवांत जागा द्यावी. शिकविणारा धाकटा असला तरी त्याच्यापुढे बसावे. शिकण्याच्या हक्काला वयाची मुदत नाही, एवढेच माझे सांगणे आहे.