सुटं द्राक्ष

मी बी.ए. झालेला, गझला लिहिणारा माणूस. विज्ञानाशी माझं नातं भाच्यापुरतं. परवा तो नाशिकला आला. बेगम गेल्यापासून घरात मी एकटाच. त्यानं ताटलीतली द्राक्षं टेबलावर एका ओळीत मांडली.

"मामू, हे अणू समजा. प्रत्येक जण इवलासा चुंबक. त्याला शेजाऱ्याच्या उलट राहायचंय आणि पलीकडच्याच्याही! दोन्ही कसं जमणार?"

१९६९ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी गणितानं दाखवलं, की पलीकडच्याची ओढ शेजाऱ्याच्या निम्मी असली, तर अणू दोघादोघांच्या जोड्या करतात. जोडीत चुंबकत्व शून्य. तांबं आणि जर्मेनियमच्या एका ऑक्साइडमध्ये उणे २५९ अंशांखाली तांब्याच्या अणूंच्या अशा जोड्या जुळतात, हे १९९३ साली जपानमध्ये दिसलं.

"आणि जोडी तुटली तर?" मी विचारलं.

"दोघं सुटे. मग शेजारच्या जोडीतला एक सुट्याला हात देतो आणि त्याचा जोडीदार सुटा पडतो. अणू जागचे हलत नाहीत, सुटेपण मात्र रांगेतून पुढे सरकतं. त्याला स्पिनॉन म्हणतात."

"असे दोन सुटे भेटले तर?"

"पुन्हा जोडी, मामू."

वर्षभर मला वाटत होतं, एकटेपण माझं एकट्याचं. ते तर साऱ्या रांगेचं निघालं. संध्याकाळी उरलेली द्राक्षं घेऊन समोरच्या आजोबांचं दार वाजवलं. तेही एकटेच असतात. त्यांनी दोन कप चहा टाकला.